नाव काढून घ्यायची मुभा

लेस्टर, डिसेंबर

इंग्लंडमध्ये सरकारी शाळेत मूल घातलं की शाळेकडून माहितीपत्रक येतं. गणवेश, डबा, सुट्ट्या यांच्या गर्दीत त्यात एक लहानसा परिच्छेद असतो. शाळेत धर्मशिक्षण दिलं जातं, रोज सामूहिक उपासना होते. पालकांची इच्छा नसेल तर दोन्हींतून मुलाचं नाव काढून घेता येईल, कारण सांगायची गरज नाही. कवठे महांकाळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकून इथे आलेल्या माणसाला याचं दुहेरी नवल वाटतं. सरकारी शाळेत उपासना चक्क कायद्याने सक्तीची, आणि तिच्यातून सुटायला नुसती एक चिठ्ठी पुरे!

हा कायदा 1944 चा. महायुद्ध चालू असताना शिक्षण खात्याचे प्रमुख रॅब बटलर यांनी तो आणला. (बटलरसाहेबांचा जन्म अटकेचा. आपण जिच्यापार झेंडे लावल्याचं सांगतो, तीच अटक; वडील इकडे आयसीएस होते.) चर्चच्या शाळा तेव्हा मोडकळीला आलेल्या, पैसा सरकारकडे. सरकारने शाळा पोसायच्या, चर्चने थोडा ताबा सोडायचा आणि त्या बदल्यात सगळ्याच शाळांत धर्म ठेवायचा, असा तो सौदा होता. बटलर जपून वागले, कारण आधीचं भांडण लोक विसरले नव्हते. 1902 च्या कायद्याने चर्चच्या शाळांना स्थानिक करातून पैसा मिळू लागला, तेव्हा इतर पंथांच्या हजारो ख्रिस्ती लोकांनी कर भरायचं नाकारलं. त्यांच्या घरातल्या चीजवस्तू जप्त होऊन लिलावात निघाल्या, काही जण तुरुंगात गेले. त्यांचे पुढारी डॉ. जॉन क्लिफर्ड. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना गांधीजींनी या क्लिफर्ड यांच्या लढ्याचा दाखला दिला आहे. शाळेतल्या धर्मावरून पालकांनी सरकारशी भांडणं हे इथे जुनंच आहे.

1988 साली नवा कायदा आला. उपासना ‘मुख्यतः ख्रिस्ती स्वरूपाची’ असावी, पण धर्माच्या तासाला देशातल्या इतर प्रमुख धर्मांचीही दखल घ्यावी, असं त्यात म्हटलं. आता लेस्टरमध्ये हे कसं जमवायचं? 2021 च्या जनगणनेत या शहरात ख्रिस्ती जेमतेम चौथा हिस्सा, मुसलमान त्याहून किंचित कमी, हिंदू अठरा टक्क्यांच्या आसपास. मग होतं असं, की मुलं हॉलमध्ये मांडी घालून बसतात, मुख्याध्यापिका शेजाऱ्याला मदत केल्याची नाहीतर प्लॅस्टिकच्या कचऱ्याची एखादी गोष्ट सांगतात, शेवटी मिनिटभर डोळे मिटायला लावतात. झाली उपासना. कायदा पाळल्यासारखा होतो आणि कोणी तक्रारही करत नाही.

धर्माच्या तासाचं मात्र तसं नाही. तो खराखुरा विषय आहे आणि त्याचा अभ्यासक्रम लंडनचं सरकार ठरवत नाही, प्रत्येक स्थानिक कौन्सिल ठरवतं. त्यासाठी चार गट एका टेबलाला बसतात: चर्च ऑफ इंग्लंड, बाकीचे पंथ आणि धर्म, शिक्षक, आणि कौन्सिल. चौघांचंही एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम पुढे सरकत नाही. ही पद्धत मला मनापासून आवडते. वाद होतात ते आधी मोठ्यांच्या टेबलावर होतात, मुलांच्या वर्गात नाही.

पण टेबलावर सर्वांचं एकमत झालं की धर्म गुळगुळीत होऊन वर्गात येतो. आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, माहेर ढालगावचं. मुलीच्या शिक्षिकेने त्यांना दिवाळी सांगायला वर्गात बोलावलं. पुस्तकात राम अयोध्येला परतला म्हणून दिवे लावले, एवढंच. ताईंनी तेही सांगितलं, आणि मग घरात शेणाचे पांडव कसे मांडतात, इडापिडा टळो म्हणत बळीच्या राज्याची वाट कशी बघतात, ते सांगायला लागल्या. शिक्षिका गोंधळली. तिच्या पुस्तकात बळी हा वामनाने पाताळात घातलेला दैत्य. तिने सरळ विचारलं, “मग तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?” ताई म्हणाल्या, “राजाच्या.” सहा-सात वर्षांच्या पोरांना ते लगेच पटलं. त्याच मुलीने पुढे वहीत लिहिलं, की आम्ही हिंदू आहोत आणि गावाकडच्या जत्रेत मटण खातो. त्यावर लाल फुली आली, कारण पुस्तकातले हिंदू शाकाहारी. त्या पुस्तकात आरेवाडीचा बिरोबा नाही, खंडोबा नाही, आणि ग्रामदेवता तर एकही नाही. लाल फुलीनंतर ताई शाळेत गेल्या, भांडल्या नाहीत, मोबाईलवर जत्रेचे फोटो दाखवून आल्या. फुली खोडली गेली.

चिठ्ठी लिहून मुलाचं नाव काढणारे पालक तसे थोडे. काही जण तर वर्ग मशीद बघायला जातो, फक्त त्या दिवशीच मूल घरी ठेवतात. शिक्षकांच्या संघटना याविषयी बोलत आल्या आहेत, आणि आपल्या मंडळींतही असे लोक आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या उरुसात रात्रभर गाणं ऐकत बसणाऱ्या मुलखातली ही माणसं! मला याचा राग येतो. बाकी बहुतेक पालकांची खरी धावपळ वेगळीच आहे. इंग्लंडमधल्या साधारण एकतृतीयांश सरकारी शाळा धार्मिक संस्थांशी जोडलेल्या आहेत. त्यातल्या नावाजलेल्या शाळेत जागा मिळावी म्हणून इंग्रज जोडपी पोर तीन वर्षांचं झालं की अचानक दर रविवारी चर्चला जायला लागतात. हिंदूंची पहिली सरकारी अनुदानाची शाळा, कृष्ण अवंती, 2008 साली लंडनच्या हॅरो भागात निघाली. आपल्यातल्या कुणाला ती हवीशी वाटते, कुणाला वाटतं की पोरगं एवढ्या लांब आणलं ते सर्वांत मिसळावं म्हणून.

नाव काढून घेतलेल्या मुलाने तासभर करायचं काय, हा प्रश्न कायद्याने कधी सोडवलाच नाही. ते वाचनालयात चित्र रंगवत बसतं आणि परत आल्यावर बाकीची विचारतात, “तू का नव्हतास?” उत्तर आयर्लंडमध्ये, बेलफास्टला, निधर्मी आईवडिलांची छोटी मुलगी घरी जेवायच्या आधी ख्रिस्ती प्रार्थना म्हणायला लागली, शाळेत शिकवलेली, जशी आपल्याकडे मुलं वदनी कवळ शिकून येतात तशी. आईवडील कोर्टात गेले. 2022 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पुढच्या कोर्टात तो फिरला, आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उत्तर आयर्लंडमधलं हे शिक्षण बेकायदा ठरवलं. नाव काढून घ्यायची मुभा आहे ना, ही सरकारची ढाल चालली नाही. ती मुभा वापरली तर मूल वर्गात वेगळं पडतं, आणि त्या भीतीने आईबाप ती वापरतच नाहीत, हे न्यायाधीशांनी ध्यानात घेतलं. वेल्सने उलटा रस्ता धरला: 2022 पासून नव्या अभ्यासक्रमात विषय सर्व धर्मांचा आणि निधर्मी विचारांचाही केला, आणि नाव काढून घ्यायची सोयच बंद केली. इंग्लंडमध्येही अभ्यासक्रम समितीने धर्मशिक्षण राष्ट्रीय अभ्यासक्रमात घ्यायची शिफारस 2025 मध्ये केली. तसं झालं तर लेस्टरच्या त्या टेबलाचं महत्त्व कमी होईल.

आपल्याकडे कागद अगदी उलटा आहे. राज्यघटनेच्या 28 व्या कलमाने पूर्ण सरकारी खर्चाच्या शाळेत धार्मिक शिक्षणाला मनाई आहे. अनुदानित शाळेत पालकाच्या होकाराशिवाय मुलाला उपासनेला बसवता येत नाही. आणि तरी आमच्या शाळेत दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजन व्हायचं, मुलाण्यांचा आणि कांबळ्यांचा पोरगाही हात जोडून रांगेत असायचा. सानेगुरुजींची प्रार्थना कुणालाच खटकणारी नव्हती, पण तिच्या मागोमाग श्लोकही यायचे. कुणाच्या घरी होकार विचारायला कागद गेला नाही. 2013 साली नाशिकच्या एका शिक्षकाला, प्रार्थनेला हात जोडायची सक्ती नको, एवढ्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. 2024 मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात मनाचे श्लोक, गीतेचा बारावा अध्याय आणि मनुस्मृतीतला एक श्लोक आला, तेव्हा कुठला श्लोक असावा आणि कुठला नको यावरून रान उठलं. नको म्हणणाऱ्या पालकाने कुठे जायचं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

तालुक्यात मास्तरकी करणाऱ्या माझ्या वर्गमित्राला मी फोनवर इथल्या चिठ्ठीची गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणाला, “आमच्यात चिठ्ठी येत नाही रे. ज्याला नको, त्याचं पोरगं रोज प्रार्थना संपल्यावर येतंय. आम्ही हजेरीला उशीर म्हणून लिहितो.”