कातळ तिथला, पाऊसही तिथलाच

पावसाळ्यात खारघरच्या डोंगरावरून पांडवकडा धबधबा कोसळू लागला की काळ्या कातळावर पांढरे पाणी आदळते. त्या कातळाचे आणि त्या पाण्याचे, दोघांचेही मूळ शोधत निघालो तर आपण एकाच मुलखात पोहोचतो. तो मुलूख इथून सुमारे 4,800 किलोमीटर दूर, विषुववृत्ताच्या पलीकडे, हिंदी महासागरात आहे!

आधी कातळ पाहू. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्यापेक्षा कितीतरी दक्षिणेला होता. उत्तरेकडे सरकता सरकता तो पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्रोतावर आला. जमिनीला भेगा पडल्या, लाव्हा वर आला आणि थरावर थर साचत गेले. दख्खनचे पठार, सह्याद्री आणि खारघरचा हा डोंगर त्याच बेसाल्टचे. भूखंड पुढे निघून गेला, स्रोत मागे राहिला. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे समुद्राखालच्या ज्या लांबलचक रांगेवर उभी आहेत, ती या प्रवासाची खूण असल्याचे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्या वाटेच्या टोकाला आहे रियुनियन बेट. तिथला ज्वालामुखी आजही वरचेवर उसळतो.

आता पाणी. रियुनियन आणि मॉरिशस ही मस्कारिन बेटे. आपल्याकडे मे-जूनचे ऊन तापते तेव्हा तिथे हिवाळा असतो, आणि या बेटांच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर हवेचा दाब वाढतो. इकडे उपखंडावरचा दाब उतरलेला असतो. वारे तिकडून निघतात, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात. सोमालियाजवळ त्यांचा वेगवान झोत होतो. वाटेत समुद्राचे बाष्प उचलत ते कोकणात शिरतात, डोंगर त्यांना वर ढकलतात आणि पाऊस कोसळतो. ज्या सागराने हा कातळ दिला, त्याच सागराकडून आलेला वारा दरवर्षी त्याला न्हाऊ घालतो.

वाऱ्यांचे हे चक्र याच महासागरात इतके ठळक का? पॅसिफिक आणि अटलांटिक उत्तरेला ध्रुवीय समुद्रांपर्यंत पोहोचतात. हिंदी महासागराची उत्तरेची वाट मात्र आशिया खंडाने अडवली आहे. जमीन लवकर तापते, लवकर निवते, म्हणून इथले वारे वर्षातून दोनदा दिशा बदलतात. वाऱ्यांबरोबर सोमालियाजवळचा बलाढ्य सागरी प्रवाहही उलटा वाहू लागतो. ऑक्टोबरमध्ये वारे फिरले की बोटाएवढे चतुर त्यांच्यावर स्वार होऊन भारतातून मालदीवमार्गे आफ्रिकेकडे जातात, असा निष्कर्ष जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडला.

हा महासागर आता तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले की 1901 ते 2012 या काळात त्याच्या पश्चिम भागाचे जून ते सप्टेंबरमधले पृष्ठतापमान सुमारे 1.2 अंश सेल्सियसने वाढले. 1950 ते 2015 दरम्यान मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे त्यांच्याच गटाने 2017 मध्ये मांडले. अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांमधले वाढते चढउतार हे त्यामागचे कारण त्यांनी दिले.

खारघरला ही दूरची बातमी नाही. दिवसातून दोनदा भरतीबरोबर महासागर पनवेलच्या खाडीतून आपल्या दारापर्यंत येतो. मुसळधार पाऊस आणि उधाण एका वेळी आले, तर डोंगरावरून उतरलेल्या पाण्याला समुद्राकडे जायला वाव उरत नाही. अशा वेळी ते पाणी सामावून घेणारी आणि किनाऱ्याची माती धरून ठेवणारी जागा म्हणजे खाडीकाठची तिवरे आणि पाणथळी. त्यांच्यावर राडारोड्याचा भराव पडताना दिसला तर गप्प बसू नका, तक्रार नोंदवा. महासागराला थोपवणे आपल्या हातात नाही. त्याच्यासाठी जागा राखणे आहे.