मे महिन्यात फाटक का अडकतं?

मे महिना आला की आमच्या वऱ्हाडातल्या बऱ्याच फाटकांचं वागणं बदलतं. दिवाळीत एका बोटानं लागणारी कडी आता पल्ला उचलून धरल्याशिवाय कोयंड्यात बसत नाही. वेल्डिंगवाल्याला बोलावलं की तो आधी फाटकाकडे पाहतो, मग वर उन्हाकडे, आणि सांगतो, "उन्हानं लोखंड फुगलं न, भाऊ." ग्राइंडरनं कडी कापतो, अर्धा इंच खाली जोडतो आणि पैसे घेऊन जातो. ऑगस्टमध्ये तीच कडी पुन्हा रुसते. माझ्या घरी हे तीनदा झालं. चौथ्या वेळी मी त्याला बोलावण्याआधी कागद-पेन्सिल घेतली.

लोखंड तापल्यावर वाढतं, हे खोटं नाही. पण एक मीटर लोखंड एका अंशाला वाढतं ते सुमारे 0.012 मिलिमीटर. दहा फुटी, म्हणजे तीन मीटरचं फाटक जानेवारीच्या पहाटेपेक्षा मेच्या दुपारी 50 अंशांनी जास्त तापलं असं धरलं, तरी वाढ भरते 1.8 मिलिमीटर. दोन पल्ल्यांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला एक मिलिमीटरही येत नाही. माझी कडी मात्र बारा-तेरा मिलिमीटर उतरली होती.

सरकला होता तो कॉलम, आणि त्याला सरकवणारी होती काळी माती.

ही माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात. पाणी त्या पापुद्र्यांमध्ये शिरतं तेव्हा माती फुगते, पाणी उडालं की आकसते. पाणी धरून ठेवण्याच्या याच गुणामुळे ती कपाशीला पोसते, आणि याच गुणामुळे उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फाटकाखालची माती वेगळी नसते, फक्त तिथल्या भेगा फरशीखाली झाकलेल्या असतात. शिवाय ती चारी बाजूंनी सारखी सुकत नाही. आत बागेचं पाणी, बाहेर तापलेला रस्ता. कॉलम मग कोरड्या बाजूला कलतो. पाच फुटांवर कॉलमचं डोकं जितकं कलेल, साधारण तितकाच पाच फुटी पल्ल्याचा मोकळा शेंडा खाली येतो. कडी चुकायला एवढं पुरतं.

म्हणून "दोन-अडीच फूट खड्डा पुरे, कुठं माडी बांधायची आहे?" हा सल्ला आपल्याकडे सगळ्यात महाग पडतो. पाया भेगा पोचत नाहीत तिथवर न्यावा लागतो. काळ्या मातीत पाचेक फूट किंवा त्याआधी पक्का मुरूम लागला तर तिथपर्यंत. अमरावतीत वडाळीच्या, पोहऱ्याच्या डोंगराकडच्या अंगाला मुरूम लवकर लागतो. दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर अशा पूर्णेच्या खोऱ्यात माती खोल आहे. तिथं दोन कॉलम जमिनीखालून काँक्रीटच्या बीमनं जोडून घेतले, तर एकटा कॉलम कलण्याचा संभव बराच कमी होतो. खड्डा भरताना निघालेली काळी माती परत लोटू नये, मुरूम थरांनी ठोकून भरावा. "पाणी झिरपून जाईल" म्हणून नुसती वाळू भरणारे भेटतात. चिकणमातीतला वाळूचा खड्डा म्हणजे हौद. पाणी जाणार कुठं?

दुसरी समजूत जाड लोखंडाची. "भाऊ, वजनदार करा, पिढ्यान्‌पिढ्या टिकते." वजन टिकतं, बिजागरी टिकत नाही. पाच फूट रुंद, 60 किलोचा पल्ला घ्या, दोन बिजागऱ्यांमध्ये चार फूट अंतर ठेवा. वरची बिजागरी कॉलमला आडवी ओढते ती साधारण 37 किलोच्या जोरानं. तेच फाटक दहा फुटी एका पल्ल्यात केलं तर वजन 120 किलो होतं, ते भिंतीपासून लांब जातं आणि ओढ होते 150 किलो. रुंदी दुप्पट, ओढ चौपट. त्यावर जाड पत्र्याचा मोह केला की हिशेब आणखी चढतो. तेव्हा दोन पल्ले करावेत आणि बिजागऱ्या शक्य तितक्या लांब-लांब बसवाव्यात. त्या विटांत ठोकलेल्या खिळ्यांवर लटकवू नयेत. कॉलम भरतानाच आतल्या सळ्यांना बांधलेली लोखंडी पट्टी सोडून तिला वेल्ड कराव्यात. जुन्या वाड्यांच्या दारांचा खालचा खुंटा दगडातल्या खळग्यात फिरायचा. सगळा भार जमिनीवर, भिंतीला फक्त आडवी ओढ. आजही पल्ल्याखाली बेअरिंग देऊन तसं करता येतं.

रोजच्या येण्याजाण्यासाठी शेजारी वेगळं लहान दार हवंच. अमरावतीकराला हे सांगायला नको. पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून निजामाच्या राजवटीत 1807 साली शहराच्या परकोटाचं काम सुरू झालं. त्याला दरवाजे पाच आणि खिडक्या चार. आमच्या गावात 'खिडकी' म्हटलं की लहान दारच डोळ्यापुढे येतं. दूधवाला, पेपरवाला, शाळेची पोरं यांच्यासाठी दिवसातून तीस वेळा मोठा पल्ला हलवायचा म्हणजे बिजागरी घासून घ्यायची.

आता गंज. "जीआय पाइपला गंज येत नाही" हे वेल्डिंग होईपर्यंत खरं. पाइपावरच्या थरातलं जस्त 907 अंशांना उकळतं, वेल्डिंगची ज्योत त्याच्या कितीतरी वर असते. सांध्याजवळचं जस्त पांढरा धूर होऊन उडतं (त्या धुरानं वेल्डरला रात्री ताप भरतो, हे त्यालाच विचारा). मग नेमका सांधा उघडा पडतो. तिथला कोळसा तारेच्या ब्रशनं खरवडून जस्तयुक्त प्रायमर लावायला हवा. गंजावरच रेड ऑक्साइड फासणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. पाइपावरच्या रंगीत पट्ट्यांवरूनही गफलत होते. पिवळी हलक्या, निळी मध्यम आणि लाल जाड पाइपाची. ती खूण पाइपाच्या जाडीची आहे, जस्ताच्या थराची नाही.

आमची फाटकं सडतात ती बहुधा खालून, आणि त्याला कारण रोजचा सडा. खारपाणपट्ट्यात तो बोअरच्या खाऱ्या पाण्याचा असतो आणि मिठानं गंज झपाट्यानं धावतो. त्यात उभे पाइप वरून उघडे असतील तर पाणी खालच्या पाइपात साठतं. बाहेर रंग चकाचक, आत पोकळ. वरची तोंडं टोपणानं बंद करून खालच्या पाइपाला दोन-तीन बारीक भोकं पाडली की काम होतं.

स्टेनलेस स्टीलच्या दुकानात चुंबकाचा खेळ चालतो. "बघा, चिकटत नाही, म्हणजे 304." चुंबक 202 लाही सहसा चिकटत नाही. 304 मध्ये निकेल 8 ते 10.5 टक्के, 202 मध्ये 4 ते 6. उरलेली जागा मँगनीज भरून काढतं. गंजाशी झुंजताना 202 कमी पडतं. बिलावर ग्रेड लिहून घ्यावा. आणि खरं 304 घेतलं तरी शेजारी साधं लोखंड ग्राइंड होऊ देऊ नये. उडालेल्या किसावर तांबडे ठिपके येतात आणि शिव्या बिचाऱ्या स्टीलला बसतात.

सागवानाबद्दल एवढंच: मेळघाटचं म्हणून दिलेल्या फळीतला पांढरट भाग वाळवी खाते, टिकतो तो लालसर गाभा.

"माझं फाटक, बाहेर उघडीन नाहीतर आत" हेही चालत नाही. डिसेंबर 2020 पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीनुसार फाटक पूर्णपणे आपल्याच हद्दीत उघडलं पाहिजे. आत जागा नाही म्हणून सरकतं फाटक घ्यावं, तर त्याला तेवढ्याच लांबीची सरळ भिंत लागते, आणि आपल्या चिखलानं त्याचा रूळ पावसाळाभर भरतो. दोन्ही टोकांचे अडथळे मजबूत हवेत, नाहीतर सुटलेला पल्ला अंगावर कोसळतो. रस्ता दर काही वर्षांनी काँक्रीटचा थर घेऊन उंच होतो, त्यामुळे खाली चार बोटं मोकळी ठेवावीत. कुत्रं शिरेल म्हणाल तर रबराची पट्टी लावा.

खर्च करण्याआधी दोन्ही कॉलमना एकदा मेच्या शेवटी आणि एकदा ऑगस्टच्या मध्याला ओळंबा लावून पाहा आणि भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा. माझा डावा कॉलम दोन खुणांमध्ये 11 मिलिमीटर हलला होता. गच्चीचा पावसाळी पाइप बरोबर त्याच्याच पायाशी रिकामा होत होता. पाइपाचं तोंड वळवायला लागला तो प्लॅस्टिकचा एक एल्बो. वेल्डिंगवाला अजून भेटला की विचारतो, "भाऊ, औंदा फाटक फुगलं नाही काय?"