गोडी पालाशची

कन्हान-वैनगंगेच्या वाळूतली डांगरवाडी असो की काळ्या रानात ठिबकवरचे खरबूज, युरियाचा हात सैल सुटला की वेल माजतो आणि फळ पाणचट निघते. पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत पोचवण्यात मोठा वाटा पालाशचा, म्हणजे पोटॅशियमचा. टेक्सासमध्ये खरबुजाचे फळ पोसत असताना पालाशची फवारणी केली, तेव्हा साखरेबरोबर ‘क’ जीवनसत्त्व आणि बीटा-कॅरोटीनही वाढले, असे 2005 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. गराचा केशरी रंग या बीटा-कॅरोटीनचाच. शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते.

वाळू खत धरत नाही, म्हणून तिथे ते थोडे-थोडे द्यावे. काळ्या मातीत पालाश सहसा भरपूर. पण कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या गर्दीत वेलाला तो कमी पडू शकतो. पोते फोडण्याआधी माती तपासून घ्यावीच.