नऊ महिन्यांचा हिशेब

८ डिसेंबरला पणजीच्या चर्चसमोर फेस्त भरतं. खाजं, चणे, खेळण्यांचे स्टॉल आणि त्या पांढऱ्या पायऱ्यांवर माणसंच माणसं. आपल्या घरांतली मुलंसुद्धा लहानपणापासून या फेरीला जातात. पण हा सण नेमका कशाचा, असं विचारलं तर आपलं उत्तर ठरलेलं: सायबिणीचा. सायबिणीचं काय, ते सांगता येत नाही. मला इतकी वर्षं वाटायचं की येशू मारियेच्या पोटी राहिला, त्याचा हा दिवस.

तसं नाही. खुद्द मारिया आपल्या आईच्या, म्हणजे सांत आनाच्या पोटी राहिली, त्या घटनेचा हा सण. आता कॅलेंडर काढा. ८ डिसेंबरपासून नऊ महिने मोजले की ८ सप्टेंबर येतो, तो मारियेचा जन्मदिवस. येशूचा गर्भसंभव २५ मार्चला आणि नाताळ २५ डिसेंबरला. माणूस पोटात राहिल्याचा दिवसही चर्चच्या पंचांगात सण आहे.

हा हिशेब मला आमच्या शेजारच्या आंटीने शिकवला. ती ऐंशीची आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या नातसुनेचं बाळ चौथ्या महिन्यात गेलं. घरच्यांनी हॉस्पिटलला विनंती करून ते ताब्यात घेतलं, पाद्री आले, प्रार्थना झाली, सिमितेरीत लहानशी जागा मिळाली. मी भेटायला गेले तेव्हा मनात आलं ते खरं सांगते: चौथ्या महिन्यात एवढं सगळं?

माणूस कधीपासून माणूस, याला आज कॅथलिक चर्चचं उत्तर आहे: गर्भधारणेच्या क्षणापासून. म्हणूनच चर्चला गर्भपात मान्य नाही, आणि टेस्ट ट्यूब बेबीही नाही, कारण त्यात जादा भ्रूण तयार होतात, गोठवले जातात, टाकूनही दिले जातात. आपल्या देशात १९७१ च्या कायद्याने ठरावीक कारणांसाठी गर्भपाताला परवानगी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ही मुदत २० आठवडे आणि काही स्त्रियांसाठी २४ आठवडे झाली. चर्चची भूमिका मात्र आठवडे मोजत नाही.

गंमत अशी की एके काळी चर्चमधले विद्वानही दिवस मोजत होते. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं होतं की मुलाचा गर्भ ४० दिवसांनी आकार घेतो आणि मुलीचा ९० दिवसांनी. (मुलींना इथेही उशीर!) तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस त्याच वाटेने गेले: आधी वनस्पतीसारखा जीव, मग प्राण्यासारखा, आणि शेवटी माणसाचा आत्मा. गर्भपात तेव्हाही पापच होता, पण आत्मा येण्याआधीचा आणि नंतरचा यांच्या शिक्षेत फरक असे. १५८८ मध्ये पोप सिक्स्टस पाचवे यांनी हा फरक काढून टाकला. तीनच वर्षांनी पोप ग्रेगरी चौदावे यांनी तो परत आणला. पुढे १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांचं स्त्रीबीज शोधलं आणि ४०-९० दिवसांच्या जुन्या कल्पनेचा पायाच खचला. १८६९ मध्ये पोप पायस नववे यांनी शिक्षेतला फरक कायमचा मिटवला.

तरीही आत्मा अमुक क्षणी येतो, असं चर्चने आजही ठामपणे घोषित केलेलं नाही. १९७४ च्या व्हॅटिकनच्या निवेदनात हा प्रश्न मुद्दाम खुला ठेवला आहे. चर्चचं म्हणणं असं, की तिथे माणूस असण्याची नुसती शक्यता असली तरी त्याला मारण्याचा धोका पत्करता येत नाही. जुनं घर पाडताना आत कोणी आहे की नाही याची खात्री नसेल, तर जेसीबी चालवत नाहीत, तसं. मला स्वतःला हे पूर्ण पटत नाही. ज्या बाईच्या पोटात हे सगळं चाललेलं असतं, तिच्या अडचणींचं पारडं या युक्तिवादात हलकंच राहतं. पण त्यात एक सुसंगती आहे, हे नाकारता येत नाही.

आंटीच्या बाबतीत मात्र ही सुसंगती कुठे होती, असं विचारावंसं वाटतं. १९६७ मध्ये तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. बाप्तिस्मा प्रसंगी कोणीही देऊ शकतो, अगदी हिंदू नर्ससुद्धा. पण त्यासाठी बाळ जिवंत असावं लागतं. हे नव्हतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बाप्तिस्मा नाही तर चर्चचा दफनविधी नाही. नवऱ्याने रात्री परसात, फणसाखाली खड्डा खणला. आणि ते बाळ गेलं कुठे? तर लिंबोत, असं तिला सांगितलं गेलं. म्हणजे नरक नाही, दुःख नाही, पण देवाचं दर्शनही नाही. ज्याला पहिल्या क्षणापासून माणूस म्हणायचं, त्याला मेल्यावर दाराबाहेर ठेवायचं!

लिंबो हा कधीच श्रद्धेचा बंधनकारक सिद्धांत नव्हता, पण आयांना हा फरक कोण सांगणार? १९८३ च्या चर्च कायद्यानुसार, आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा होती अशा मुलांच्या अंत्यविधीला बिशप परवानगी देऊ शकतात. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने लिहिलं की अशी बाळं देवाजवळ पोहोचतात, अशी आशा बाळगायला सबळ कारणं आहेत. खात्री नव्हे, आशा. आंटीला हे तिच्या मुलाने वाचून दाखवलं तेव्हा चाळीस वर्षं झाली होती.

"तुमच्यात काय करतात?" तिने मला विचारलं.

मला सांगता येईना. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीडी आहेत, डोहाळजेवण आहे, पोटात चक्रव्यूह ऐकणारा अभिमन्यू आहे. गर्भोपनिषदात सातव्या महिन्यात जीव येतो असं म्हटलंय, तर चरकाच्या मते शुक्र, शोणित आणि जीव यांच्या संयोगालाच गर्भ म्हणतात. म्हणजे मतभेद आपल्याकडेही आहेतच. घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, शास्त्रात गर्भस्रावाचं सोयर आहे, जितके महिने तितक्या रात्री, आईपुरतं. आणि बाळासाठी? "त्याबद्दल बोलत नाहीत गं," म्हणून ती भांडी लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी आंटीला हे सांगितलं. "पण नाव तरी ठेवतात ना?" ती म्हणाली. मी नाही म्हटलं. मग तिने फणसाखालच्या बाळाचं नाव मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही.