जनावर बदलून ॲलर्जी जात नाही

दौलताबाद असो की मराठवाड्यातलं दुसरं कुठलंही गाव, तान्ह्या बाळाला वरचं दूध बाधलं की घरातला पहिला सल्ला ठरलेला असतो: गाईचं सोसत नाही, तर शेळीचं देऊन बघा. कुणी म्हशीचं दूध पाणी घालून द्यायला सांगतं. गाढवीण घेऊन फिरणारा दारात आला, तर तिचंही चमचाभर दूध बाळाला पाजलं जातं. सल्ला मायेपोटीच दिलेला असतो. पण बाळाला खरोखर गाईच्या दुधाची ॲलर्जी असेल, तर तो उपयोगी पडत नाही. शेळी आणि म्हशीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक बाळांना त्यांचाही त्रास होतो. गाढविणीच्या दुधाची घडण वेगळी आहे. इटलीत ॲलर्जी असलेल्या मुलांवर त्याचे अभ्यासही झाले आहेत. मात्र त्यात स्निग्धांश फार कमी असतो आणि कच्च्या दुधातून जंतुसंसर्गाचा धोका राहतोच.

या ॲलर्जीत बाळाची प्रतिकारशक्ती दुधातल्या केसीन किंवा बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांना शत्रू समजते. काही बाळांना दूध पिताच किंवा दोनेक तासांत अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. श्वास लागला किंवा बाळ निपचित पडलं, तर घटकाही न दवडता दवाखाना गाठायला हवा. दुसऱ्या प्रकारात त्रास काही तासांनी किंवा दिवसांनी दिसतो: शीतून रक्त, आव, सततचे जुलाब, वजन न वाढणं.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचणं हा वेगळाच विकार. लॅक्टोज नसलेल्या अनेक पावडरींत गाईच्या दुधाचीच प्रथिनं असतात. त्यामुळे ॲलर्जीवर त्या चालत नाहीत.

बाळ अंगावर पीत असेल, तर ते मुळीच तोडू नये. आईच्या आहारातल्या दुधाच्या पदार्थांचा अंश तिच्या दुधात उतरतो, म्हणून डॉक्टर तिला दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, खवा बंद करायला सांगतात आणि कॅल्शियमची गोळी देतात.

खास पावडरीची गरज पडते ती आईचं दूध मिळत नसलेल्या किंवा पुरत नसलेल्या बाळांना. अमेरिकेत १९४२ मध्ये न्यूट्रामिजेन ही अशी पावडर बाजारात आली. तिच्यात विकरांच्या साहाय्याने केसीनचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की प्रतिकारशक्तीला ते ओळखू येत नाहीत. बहुतेक बाळांना अशी पावडर सोसते. तिनेही त्रास झाला किंवा ॲलर्जी फार तीव्र असली, तर सुट्या अमिनो आम्लांची पावडर देतात. तिच्यात अखंड प्रथिन नसतंच. सोयाची पावडर सहा महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत.

या पावडरींची चव कडवट आणि वास उग्र असतो, शिवाय बाळाची शी हिरवट होते. घरातले घाबरतात, पण एवढ्यावरून पावडर बंद करण्याचं कारण नाही. खरी अडचण किमतीची आहे. साध्या डब्यापेक्षा हा डबा कितीतरी महाग पडतो, म्हणून तो पुरवून पुरवून वापरला जातो आणि पावडर पातळ केली जाते. त्याने बाळ उपाशी राहतं. ब्रिटनमध्ये अशी पावडर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सरकारी आरोग्यसेवेतून मिळते. आपल्याकडेही गरीब घरातल्या बाळाला ती औषधासारखीच मिळायला हवी.

म्हणूनच निदान पक्कं हवं. भारतातल्या बाल-पचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. निव्वळ रक्ततपासणीवर निदान ठरत नाही. दूध बंद करून त्रास थांबतो का आणि पुन्हा देताच उलटतो का, हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाहावं लागतं. दौलताबादहून पंधराएक किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात, १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं घाटी रुग्णालय आहे. तिथल्या बालरोग विभागात दाखवता येतं.

बहुतेक मुलांची ही ॲलर्जी तीन ते पाच वर्षांची होईपर्यंत जाते. म्हणून साधारण वर्षाचं झाल्यावर आणि पुढेही ठरावीक अंतराने पुन्हा चाचणी घेतात. सौम्य त्रास असलेल्या मुलाला आधी भाजलेल्या पदार्थातलं दूध देतात, मग दही, शेवटी साधं दूध. ज्याला एकदा श्वास लागला होता किंवा ओठ सुजले होते, त्याला मात्र पहिला घास रुग्णालयातच द्यायचा.