ताकदीचा डबा आणि घरचा ताळेबंद

स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपले, की घरात एक नवाच काळ सुरू होतो. शस्त्रक्रिया झालेली असते, केमोथेरपीच्या फेऱ्या आटोपलेल्या असतात, किरणोपचारांसाठीची रोजची ये-जा थांबलेली असते. इतके दिवस कोणी तरी तपासत होते, विचारत होते. तो आधार एकाएकी सुटतो आणि त्या पोकळीत एक प्रश्न उभा राहतो : आता आपण काय करावयाचे? रुग्णालयाचे उत्तर बहुधा त्रोटक असते. रोज एक गोळी घ्या, चौरस आहार घ्या, तीन महिन्यांनी या. बाजाराचे उत्तर मात्र सविस्तर, रंगीत आणि डबाबंद असते. प्रोटीनची पावडर, जीवनसत्त्वांच्या गोळ्या, हळदीचा अर्क, अँटिऑक्सिडंट कॅप्सुले, कसले तरी रस. ज्याला जे परवडते ते तो घेतो, आणि ज्याला परवडत नाही तो उसनवारी करून घेतो.

भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांची आणि सुमारे ९८ हजार मृत्यूंचा अंदाज जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने दिला आहे. म्हणजे हा प्रश्न चार-दोन घरांचा राहिलेला नाही. कोल्हापूर हे तर सांगली, सिंधुदुर्ग, निपाणी, बेळगाव अशा चहूबाजूंच्या रुग्णांचे उपचाराचे गाव. येथे हा प्रश्न रोज कोणत्या ना कोणत्या औषध दुकानाच्या फळीपाशी उभा असतो.

कोल्हापूरकरांना 'ताकद' या शब्दाचे वेगळे महत्त्व सांगावयास नको. ही तालमींची नगरी. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई हे येथील पोरासोरांनाही ठाऊक असते. गंगावेशीत जाऊन म्हशीचे धारोष्ण दूध पिणे ही आमची आरोग्याची जुनी कल्पना, आणि आजारातून उठलेल्या माणसापुढे पांढऱ्या रश्शाची वाटी ठेवणे ही आमची मायेची भाषा. तेव्हा खंगलेल्या बाईच्या अंगी ताकद यावी म्हणून घरच्यांनी धडपडावे, यात हसण्यासारखे काहीच नाही. फरक एवढाच, की पूर्वी खुराक घरात शिजत असे; आता तो छापील दावे मिरवीत डब्यातून येतो. आणि दाव्याला किंमत पडू लागली, की तो केवळ मायेचा विषय राहत नाही, अर्थशास्त्राचाही होतो.

केनेथ अॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली वैद्यकीय सेवेच्या अर्थकारणावर एक निबंध लिहिला. त्यातील मुद्दा असा, की आरोग्याचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. कारण येथे ग्राहकाला आपल्याला काय हवे हेच नीट माहीत नसते, आणि जे माहीत असते ते विकणाऱ्याला. पुढे १९७३ साली डार्बी आणि कार्नी यांनी अशा वस्तूंचा एक स्वतंत्र वर्ग सांगितला. भाजी आपण पाहून घेतो, आंबा खाऊन पारखतो. पण काही वस्तू अशा असतात, की त्या वापरूनही त्यांचा गुण आला की नाही हे ग्राहकाला कळत नाही. 'रोग उलटू नये' म्हणून घेतलेली गोळी ही अशी वस्तू आहे. रोग उलटला नाही, तर यश गोळीचे. उलटला, तर 'आपणच उशिरा सुरू केली' हा दोष घरच्यांचा. अशा व्यवहारात विकणाऱ्याचे कधीच नुकसान होत नाही. शिवाय जेथे गुणाची पारख करता येत नाही, तेथे माणूस किमतीलाच गुण समजू लागतो. महागडा डबा आणला म्हणजे आपण कसूर ठेवली नाही, असे मनाला वाटते. स्वस्त वस्तूकडे मग संशयाने पाहिले जाते.

आता शास्त्राचा पुरावा काय सांगतो ते पाहू. जीवनसत्त्व जेवढे अधिक तेवढे बरे, ही समजूत एके काळी शास्त्रज्ञांतही होती. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. गाजरासारख्या पदार्थांतील बीटा कॅरोटिन गोळीतून दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग टळेल, ही अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आले तेव्हा ही गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर निर्दोष होते. त्यातील एक अंश काढून मोठ्या मात्रेत दिल्यावर त्याचे वर्तन बदलले.

स्तनाच्या कर्करोगासंबंधी अमेरिकेतील १,१३४ रुग्ण स्त्रियांचे निरीक्षण २०२० साली प्रसिद्ध झाले. केमोथेरपीपूर्वी आणि ती चालू असताना अँटिऑक्सिडंट पूरके घेणाऱ्या स्त्रियांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक असल्याची चिन्हे त्यात दिसली. ब-१२ जीवनसत्त्व घेणाऱ्यांतही तसेच आढळले. हे निरीक्षण आहे, कार्यकारणभावाचा निर्णायक पुरावा नव्हे. ज्या बाईच्या रक्तात ब-१२ खरोखर कमी आहे तिने ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतलेच पाहिजे. परंतु 'घेतले तर फायदा, नाही तर तोटा तरी काय' हे आपल्याकडचे लाडके वाक्य येथे लागू पडत नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

हळदीचे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २०१९ साली टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ स्त्रियांवर एक छोटा अभ्यास झाला. हळदीतील कर्क्युमिन आणि मिरीतील पायपरीन एकत्र दिल्यावर टॅमॉक्सिफेनपासून शरीरात तयार होणाऱ्या प्रभावी द्रव्याचे रक्तातील प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी घटले. आमटीत चिमूटभर पडणाऱ्या हळदीला यामुळे कोणी भिऊ नये. हा प्रश्न अर्काच्या कॅप्सुलांचा आहे. परंतु ज्या कॅप्सुलाने संरक्षण वाढेल या आशेने पैसे मोजले, तिनेच खऱ्या औषधाचे बळ कमी करावे, हा व्यवहार किती उलटा आहे!

आणि ते खरे औषध कोणते? तर तीच रोजची साधी गोळी. ज्यांच्या गाठीच्या वाढीला स्त्री-संप्रेरकाचा आधार असतो अशा स्त्रियांनी टॅमॉक्सिफेन पाच वर्षे नेमाने घेतल्यास पहिल्या पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते, आणि पंधरा वर्षांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. हजारो स्त्रियांवरील चाचण्या एकत्र करून २०११ साली हा निष्कर्ष निघाला. ही गोळी जुनी आहे आणि स्वस्त आहे; कदाचित म्हणूनच तिला डब्याइतका मान मिळत नाही. कंटाळ्याने, त्रासाने किंवा 'आता बरे वाटते' म्हणून ती मध्येच सोडणाऱ्या स्त्रिया जगभर आढळतात. डबा मात्र चुकत नाही.

या संदर्भात महाराष्ट्रातीलच एक प्रकरण विचार करण्याजोगे आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ज्येष्ठ शल्यविशारद डॉ. राजेंद्र बडवे यांनी वृत्तमाध्यमांतून एका गोळीची माहिती दिली. रेझवेराट्रॉल हे द्राक्षादी फळांतील द्रव्य आणि तांबे यांची ही गोळी शंभर रुपयांत मिळेल, उपचारांचे दुष्परिणाम निम्म्याने कमी करील आणि रोग पुन्हा होण्याला सुमारे ३० टक्के आळा घालील, असे सांगण्यात आले. पूरक म्हणून तिला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची मान्यता मिळावयाची होती. बातमी हा हा म्हणता पसरली. तथापि रोग परतण्याविषयीचा दावा मुख्यतः उंदरांवरील प्रयोगांवर उभा होता. माणसांवरील अभ्यास छोटे आणि दुष्परिणामांपुरते होते. म्हणूनच अनेक कर्करोगतज्ज्ञांनी या घाईविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली.

याच संस्थेचे आणि याच डॉ. बडवे यांचे दुसरे काम याच्या शेजारी ठेवून पाहावे. शस्त्रक्रियेपूर्वी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन हे बधिरतेचे साधे, स्वस्त औषध टोचले तर काय होते, याची चाचणी त्यांनी भारतातील ११ केंद्रांत घेतली. सुमारे १,६०० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकावयाच्या पद्धतीने दोन गट केले आणि वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचे प्रमाण एका गटात ८६.४ टक्के, तर औषध टोचलेल्या गटात ९०.१ टक्के. तसेच याच रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत दीड लाखांहून अधिक स्त्रियांमध्ये हाताने स्तनतपासणी करण्याचा प्रयोग वीस वर्षे चालविला, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली दाखविले. तो प्रयोग ज्या डॉ. इंद्रनील मित्रा यांनी चालविला, त्यांचेच नाव रेझवेराट्रॉलच्या संशोधनाशीही जोडलेले आहे. तेव्हा प्रश्न माणसांच्या योग्यतेचा किंवा हेतूचा नाही. प्रश्न एवढाच, की पुरावा कोणत्या पायरीवर आहे. मोठे नाव हा पुरावा नव्हे, आणि उंदीर म्हणजे आपल्या घरातील बाई नव्हे. ती गोळी उद्या मोठ्या चाचणीतून उतरली तर तिचे स्वागतच करू. तोवर तिच्याविषयीची आशा उधारीचीच राहील.

मग सर्वच पूरके टाकाऊ काय? तसे नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी हाडे विरळ होतात. तेथे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व देण्यास सबळ कारण आहे. रक्ततपासणीत जी उणीव दिसेल ती भरून काढणे हाही उपचारच. घास गिळवत नसेल, वजन उतरत असेल, तेव्हा आहारतज्ज्ञाने सांगितलेली पावडरही कामाची असते. प्रथिने तर हवीतच : रुग्णासाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला एक ते दीड ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम. परंतु ती कोठून आणि काय भावाने घ्यावयाची, हा हिशेब आपल्या हातात आहे. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, लिटरभर दुधात ३० ग्रॅमच्या वर, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. डब्याच्या किमतीला त्यातील एकूण प्रथिनांच्या ग्रॅमने भागावे, दूध-अंड्यांचेही तसेच करावे आणि दोन आकडे शेजारी मांडावेत. आठवीतल्या मुलाला येणारे हे गणित आहे. शिवाय डब्यावरचा आकडा तरी खरा असतो काय? २०२४ साली केरळातील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतीय बाजारातील ३६ प्रथिन पावडरी तपासण्यात आल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के नमुन्यांत प्रथिनांविषयीची छापील माहिती चुकीची निघाली.

कायदा याबाबत मुका नाही. १९५४ च्या जादूटोणासदृश औषधांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने कर्करोग बरा करण्याची जाहिरात निषिद्ध ठरविली आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालील नियमांनुसार पूरकाच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. मात्र पूरक हे 'अन्न' ठरल्यामुळे औषधांच्या किंमत-नियंत्रणाच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे ज्या गोळीचा गुण सिद्ध आहे तिच्या किमतीला लगाम, आणि ज्या डब्याचा गुण सिद्ध नाही त्याला मोकळे रान! ती बारीक अक्षरांतील सूचना वाचावयास कोणाला सुचत नाही. औषधाच्याच दुकानात, औषधांच्याच फळीवर ठेवलेली वस्तू औषध नाही, हे गिऱ्हाइकाने कसे ओळखावे?

याचा भार शेवटी घरच्या ताळेबंदावर पडतो. शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून अनेकांना मिळतो. महिन्याच्या महिन्याला येणारा डबा मात्र खिशातून येतो. कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या पगारात तो बसवावयाचा, तर काही तरी काढावे लागते. कोठे फळे-दूध कमी होते, कोठे परळच्या फेरतपासणीची तारीख पुढे ढकलली जाते, कोठे मुलीचे शुल्क थकते. अर्थशास्त्रात वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी सोडून दिलेली दुसरी वस्तू. डब्याची खरी किंमत चिठ्ठीवर छापलेली नसते.

यातील एक विसंगती अधिक टोचणारी आहे. आपल्या असंख्य घरांत बाई सर्वांना वाढून शेवटी जेवते; भाजी उरली तर उरली, दूध मुलांना, अंडे कर्त्या पुरुषाला. पन्नास वर्षे जिच्या ताटाकडे कोणी पाहिले नाही, तिच्यासाठी आजारानंतर महागडा डबा येतो, आणि डबा आला म्हणून ताट तसेच राहते. तिच्या हातात कॅप्सूल ठेवणे सोपे आहे; तिला पहिल्या पंक्तीला बसविणे अवघड आहे, कारण त्यासाठी पैसा नव्हे, घरची रीत बदलावी लागते.

करता येण्याजोगे काही आहे. रुग्णालयातून घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर 'पूरके' असा स्वतंत्र रकाना असावा : कोणते, किती, किती दिवस; आणि काहीच नको असेल तर 'काही नको' हे शब्द डॉक्टरांनी स्पष्ट लिहावेत. न लिहिलेल्या जागी बाजार लिहितो. औषध दुकानांत पूरकांची फळी वेगळी असावी. अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या नमुन्यांचे निकाल नावानिशी प्रसिद्ध करावेत. आणि रुग्ण स्त्रीने घेतलेली प्रत्येक वस्तू, मग ती काढा असो की कॅप्सूल, डॉक्टरांना सांगावी. डॉक्टरांनीही ती न रागावता ऐकून घ्यावी.

आशा विकत घेण्याचा हक्क कोणाचाही हिरावून घेता येणार नाही. परंतु रोजची स्वस्त गोळी न चुकता, फेरतपासणी वेळेवर, आणि घरातील दूध-अंड्याचा पहिला वाटा तिच्या ताटात, एवढे आधी व्हावे. त्यानंतर पैसे उरले आणि डॉक्टरांनी सांगितले, तर डबा जरूर आणावा.