ग्रंथकाराचे कपाट

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निवर्तले, तेव्हा वारसाहक्काने वाटून घ्यावी अशी मिळकत त्यांच्यामागे नव्हती. होते ते उभ्या महाराष्ट्रात वणवण करून जमविलेले कागद, पोथ्या, छापील ग्रंथ आणि शब्दांची ढीगभर टिपणे. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढून पुढे तिचे बावीस खंड ज्याने सिद्ध केले, १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ ज्याने स्थापिले आणि मतभेद होताच जो त्यापासून दूर झाला, अशा या तपस्व्याचे सर्वस्व अखेरीस धुळ्याच्या नागरिकांच्या हाती राहिले. थोर पुरुषाच्या पश्चात शोकसभा भरवावी, ठराव करावा, तसबीर लावावी आणि आपापल्या उद्योगास लागावे, हा आपल्याकडील सर्वमान्य शिरस्ता. परंतु भास्कर वामन भट प्रभृती मंडळींनी पुढल्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि गेलेल्या ग्रंथकाराचा संग्रह हाच त्या संस्थेचा मूळ ठेवा ठरला.

या संग्रहाचे पुढे जे झाले, ते ग्रंथदानाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरण्याजोगे आहे. मंडळाने ‘संशोधक’ हे नियतकालिक चालविले, मूर्ती, नाणी व हस्तलिखिते गोळा केली. आणि राजवाड्यांनी अपुरी ठेवलेली टिपणे कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांच्यासारख्या जाणत्या भाषाभ्यासकाच्या हाती देऊन १९३७ साली ‘धातुकोश’ व १९४२ साली ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ प्रसिद्ध केला. ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर दहा-पंधरा वर्षांनी त्याच्याच दप्तरातून दोन नवे ग्रंथ वाचकांस लाभावे, याहून मोठे श्राद्ध मला ठाऊक नाही. पुण्यास रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी आपला ग्रंथसंग्रह हयातीतच, १९१७ साली त्यांच्या नावे निघालेल्या प्राच्यविद्या संशोधन मंदिरास अर्पण केला, तेही याच जातीचे कृत्य. मात्र तेथे दाता स्वतः हजर होता, धुळ्यास ती जबाबदारी मागे राहिलेल्यांनी पत्करली.

प्रत्येक लेखक राजवाडे नसतो आणि प्रत्येक गावचे वाचनालय संशोधन मंडळ नसते, हे खरे. तरी ज्या घरात आयुष्यभर कोणी लिहीत-वाचीत होते, त्या घरापुढे त्याच्या पश्चात हाच प्रश्न उभा राहतो, आणि उत्तर शोधीत मुलेबाळे बहुधा गावच्या वाचनालयाच्या पायऱ्या चढतात. त्या पायऱ्या आपल्याकडे पुष्कळ जुन्या आहेत: रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे. १ जून १८९३ रोजी ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे यांनी स्नेह्यांच्या साह्याने ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढले, तेव्हा मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक तेथे असावे, असा त्यांचा संकल्प होता. असा संकल्प करणाऱ्या संस्थेस एखाद्या विस्मृत कवीची चोपडीही मोलाची; कारण शंकर गणेश दाते यांनी ठिकठिकाणचे ग्रंथसंग्रह स्वतः धुंडाळून १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची जी सूची १९४४ साली प्रसिद्ध केली, ती अशा जपणुकीवाचून होणेच अशक्य होते. उलट ज्या वाचनालयाकडे दोन खोल्या, एक ग्रंथपाल आणि शासनाचे तुटपुंजे अनुदान एवढेच भांडवल, त्याने सर्व काही ठेवून घ्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

दानाचे पुस्तक वाचनालयात आले म्हणजे त्याचे काय होते, हे दात्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. कार्यवाहांच्या संमतीनंतर ग्रंथपाल गठ्ठा सोडतो, प्रत्येक प्रत झटकून कसर वा वाळवी लागली आहे काय ते पाहतो, सुटी झालेली पाने बांधणीकरिता वेगळी काढतो. मग दाखल-नोंदवहीत एका ओळीत दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पृष्ठे व किंमत लिहून, विक्रेत्याच्या नावाच्या जागी ‘भेट’ असा शब्द आणि शेऱ्याच्या रकान्यात ज्याच्या स्मरणार्थ दान आले त्याचे नाव नोंदविले जाते. मुखपृष्ठामागील पानावर शिक्का बसतो, आणि आत ठरावीक क्रमांकाच्या एका पानावरही. पुस्तक कोणी लांबविले आणि पहिले पान फाडले, तरी ते आतले पान संस्थेच्या मालकीची साक्ष देते. वर्गांक पडतो, कण्यावर चिठ्ठी चिकटते, तालिकापत्र तयार होते, आणि तेव्हा कोठे ते पुस्तक देवघेवीच्या मेजावर येण्यास पात्र ठरते. शंभर पुस्तकांचे हे काम म्हणजे एकट्या ग्रंथपालाची, रोजची देवघेव सांभाळून, कित्येक दिवसांची मेहनत होय. आणि दात्याने पुस्तकांबरोबर या मेहनतीची तरतूद केल्याचे क्वचितच आढळते.

लेखकाच्या संग्रहात मात्र सामान्य घरच्या पुस्तकांहून निराळी अशी एक गोष्ट असते. समकालीन लेखकांनी स्वाक्षरीनिशी दिलेल्या प्रती, समासात पेन्सिलीने केलेल्या खुणा, न पटलेल्या विधानापुढील प्रश्नचिन्ह, दोन पानांत विसरलेले पोस्टकार्ड, यांवरून तो मनुष्य काय वाचीत होता आणि वाचताना कोठे थांबत होता हे कळते. अशा प्रती निवडून संदर्भ विभागात ठेवाव्या व तेथेच बसून वाचावयास द्याव्या. उरलेली कथा-कादंबरी, चरित्रे, प्रवासवर्णने मात्र निःशंकपणे देवघेवीत सोडावी, असे माझे मत आहे. दिवंगतांच्या नावाची पाटी लावलेले, कुलूपबंद, काचेचे कपाट मला कधीही रुचलेले नाही. त्यातील ग्रंथ सुरक्षित असतात हे कबूल. परंतु ज्याने जन्मभर वाचकासाठी लिहिले त्याच्याच पुस्तकांना वाचकाचा हात लागू नये, ही त्याच्या स्मृतीची अवहेलना होय. नाव पाटीवर असण्यापेक्षा प्रत्येक पुस्तकाच्या आतील चिठ्ठीवर असावे, म्हणजे ते घरोघर जाते.

म्हणून ज्यांच्या घरी असा संग्रह आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पोती भरून वाचनालयाच्या दारात नेऊन टाकू नका. प्रथम यादी करा. लेखकाच्या हस्ताक्षराच्या वा टिपणांच्या प्रतींपुढे तशी खूण करा. यादी ग्रंथपालाकडे पाठवा आणि संस्थेपाशी आधीच असलेल्या प्रती त्याला निःसंकोच वगळू द्या. हस्तलिखिते व पत्रव्यवहार असल्यास तो गावच्या वाचनालयात न ठेवता धुळ्यासारख्या संशोधन संस्थेकडे सोपवा. पुस्तकांसोबत बांधणीकरिता व एखाद्या कपाटाकरिता यथाशक्ती रक्कम द्या, आणि ते कपाट उघडे ठेवण्याची अट दानपत्रात स्पष्ट लिहा.